जुन्याचे नवे करण्याची मजुरी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची साफसफाई सुरू झाली की कपाटातून निघालेल्या जुन्या कपड्यांचे काय करायचे हा प्रश्न घरोघरी पडतो आणि त्याचे उत्तर बहुधा ‘कुणाला तरी देऊन टाकू’ एवढ्यावर संपते. तीसहून अधिक वर्षे मी शिवणकाम शिकवले आणि घरातल्या मुलांचे, आता नातवंडांचे, बरेचसे कपडे जुन्यातूनच बेतले. त्यामुळे या उत्तराबद्दल माझी थोडी तक्रार आहे. त्याहून मोठी तक्रार ही की, जुन्या कपड्यातून नवा कपडा बेतून देणाऱ्या कारागिराकडे आपण ‘थोडेसे अल्टरेशन करणारा’ म्हणून पाहतो आणि नव्या शिलाईच्या निम्मीही मजुरी त्याच्या हातावर ठेवताना कुरकुरतो. वास्तविक ते काम नव्या शिलाईपेक्षा अवघड आहे. ते का अवघड आहे, हे शिवणाऱ्यांखेरीज फारसे कुणाला ठाऊक नसते, म्हणून हे पत्र.

आमच्या आजीच्या पिढीत लुगडे फाटले म्हणून टाकले जात नसे. नऊ वार म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटर कापड. त्यातला बसण्या-उठण्याचा आणि काष्ट्याचा ताण सोसणारा भाग आधी विरे, पण पदराकडचे कापड शाबूत असे. मग विरलेला पट्टा कापून काढून उरलेले तुकडे हातशिलाईने जोडत आणि तेच लुगडे आणखी वर्ष-दोन वर्षे नेसत. याला ‘दंड घालणे’ असा स्वतंत्र शब्द होता, काही भागांत ‘दांड’ म्हणत. दंडही टिकेनासा झाला की त्यातून मुलीचे परकर-पोलके निघे, त्यानंतर बाळाची दुपटी, लंगोट आणि कुंची, मग गोधडीचे किंवा वाकळीचे थर, आणि सर्वांत शेवटी पोतेरे. १९४३ साली कापडावर नियंत्रण आल्यावर तर कंट्रोलच्या कापडाच्या दिवसांत हे सारे घरोघरी निरुपायानेच करावे लागले. जरीच्या साडीची जर चांदीसाठी विकत घेणारे दारोदार फिरत, आणि जे घरात खपण्यासारखे नसे त्यावर बोहारणीशी तासभर घासाघीस करून स्टीलचे पातेले पदरात पाडून घेतले जाई. त्या घासाघिशीत बोहारीण प्रत्येक कपडा उजेडात धरून पाही, हे आमच्या पिढीला आठवत असेल. कापडात अजून किती जीव उरला आहे हे ती त्या उजेडावरून ओळखे, आणि ती ओळख हीच या सगळ्या कामाची पहिली पायरी आहे.

जुन्या सुती कापडाचे गुण नव्यात नसतात, हे आधी सांगितले पाहिजे. ते वीस-पंचवीस धुण्यांत जेवढे आटायचे तेवढे आटलेले असते, त्याचा कच्चा रंग निघून गेलेला असतो, खळ उतरलेली असते आणि धागा मऊ पडलेला असतो. तान्ह्या बाळाला नव्या कापडाऐवजी जुन्या साडीचे दुपटे घालण्यामागे केवळ काटकसर नव्हती. परंतु याच कापडातून कपडा बेतायचा तर अडचणीही तेवढ्याच असतात. नवे कापड मेजावर पसरले की सरळ असते, अखंड असते, त्यावर कागदी नमुना ठेवून खडूने आखणी करता येते. जुना कपडा मात्र आधी उसवावा लागतो, आणि तयार कपड्यांच्या कारखान्यातली ओव्हरलॉकची शिवण उसवणे म्हणजे ब्लेड हातात घेऊन तासभर मान मोडून बसणे. उसवल्यावर हाती येतात ते आधीच कापलेले, वाकडेतिकडे तुकडे. कुठे डाग, कुठे विरलेले, कुठे खिशाच्या जागी गडद रंगाचा चौकोन. त्यांतून उभा-आडवा धागा सांभाळून नवे भाग काढायचे. धागा चुकला तर पहिल्या धुण्यातच फ्रॉकचा घेर एका बाजूला लोंबतो.

त्यात पुन्हा ‘माया’ नसते. शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड सोडतात त्याला आम्ही शिवणाऱ्या बायका माया म्हणतो. पूर्वीचा शिंपी पोराच्या सदऱ्याला दोन्ही बाजूंनी बोट-दीड बोट माया ठेवी आणि पोर वाढले की शिवण उसवून तोच सदरा मोठा करून देई. आजच्या तयार कपड्यांत ती अर्ध्या बोटाचीही नसते, कारण हजारो नगांमागे तेवढेच कापड वाचते. म्हणून आजचा तयार कपडा लहान करता येतो, पण मोठा करायचा तर दुसऱ्या कापडाची पट्टी जोडावी लागते, आणि ती पट्टी ठिगळ न वाटता मुद्दाम लावलेली वाटली पाहिजे, इथे शिवणाऱ्याच्या नजरेचा कस लागतो.

एक उदाहरण थोडे सविस्तर देते. पुरुषांचा पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट प्रथम विरतो तो कॉलरच्या घडीवर, मग कफांच्या कडांवर आणि काखेत. पाठीचे कापड शेवटपर्यंत उत्तम राहते. (कॉलर उसवून उलटी बसवून देणारे शिंपी माझ्या लहानपणी प्रत्येक पेठेत होते, आता असा माणूस शोधूनही सापडत नाही.) गेल्या उन्हाळ्यात मी मुलाच्या अशाच एका शर्टातून चार वर्षांच्या नातीचा फ्रॉक बेतला. शर्ट उलटा धरला, म्हणजे बटणपट्टीची बाजू नातीच्या पाठीवर आणली, त्यामुळे काज-बटणे नव्याने करावी लागली नाहीत आणि फ्रॉकला मागून आयते उघडते तोंड मिळाले. पाठीच्या अखंड कापडातून पुढचा घेर निघाला, बाह्यांच्या वरच्या भागातून फुग्याच्या बाह्या, उरलेल्यातून खालची झालर, आणि गळ्यासाठी शर्टाच्याच तुकड्यांतून उरेब, म्हणजे तिरक्या धाग्यावर कापलेली, पट्टी. खिसा मात्र उसवून पुन्हा समोर लावला, कारण नातीला तोच हवा होता. एवढा साधा फ्रॉक नव्या कापडातून मी दोन तासांत शिवते. याला उसवण धरून साडेचार तास लागले. म्हणजे कापडाचे पैसे वाचले, पण श्रम दुपटीहून अधिक झाले, आणि हे काम मी बाहेर दिले असते तर त्या साडेचार तासांचे पैसे कारागिराला मिळायला हवे होते.

सगळेच साधते असेही नाही. माझ्या लग्नातला शालू कापून सुनेसाठी कुडता शिवला तेव्हा कापड वरून झळाळत होते. पण तीस वर्षे एकाच घडीवर ठेवल्यामुळे घड्यांच्या रेषांवर रेशीम आतून विरले होते, हे मी तपासले नाही. सुनेने तो घातला, मंगळागौरीच्या पंगतीत ती पाटावर बसली आणि पाठीवर उभी चीर गेली. तेव्हापासून मी जुने रेशीम दोन्ही हातांच्या चिमटीत धरून घडीच्या रेषेवर हलकेच ताणून पाहते. ‘कर्र’ असा बारीक आवाज आला की त्याला कात्री लावत नाही, फार तर पातळ सुती अस्तरावर जागोजागी टाके घालून त्याची उशी करते. रेशमी साड्या वर्षातून दोनदा घडी मोडून दुसऱ्या रेषेवर ठेवाव्यात, हेही जाता जाता सांगून ठेवते.

अलीकडे तरुण मुली जुने कपडे हौसेने विकत घेऊन त्यांतून नवे करू लागल्या आहेत, याचा मला आनंदच वाटतो. पुण्यात मंगळवार पेठेतल्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात मीही गेले आहे. तिथे कपडा घेताना बोहारणीचीच रीत उपयोगी पडते: उजेडात धरावा, काख आणि मांड्यांच्या आतली बाजू पाहावी, आणि आपल्या मापाहून मोठाच घ्यावा. पडदे, चादरी, अभ्रे यांत कापड भरपूर मिळते आणि त्याला शिवणी कमी असतात, त्यामुळे नवशिक्या हातांना ते बरे. घरी आणल्यावर गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवल्याशिवाय त्याला कात्री लावू नये. जीन्सला सोळा किंवा अठरा नंबरची सुई लागते, रेशमाला नऊ किंवा अकरा. घरच्या मशीनवर एकाच सुईने सगळे शिवायला गेले की सुई मोडते आणि ‘जुन्या कापडाचे काही होत नाही’ असा शेरा मारून लोक मोकळे होतात.

आता मजुरीविषयी. माझ्या एका विद्यार्थिनीने घरच्या घरी हे काम सुरू केले. एका गृहिणीने तिच्याकडे आईच्या दोन सुती साड्या देऊन त्यांतून दोन मुलींचे परकर-पोलके आणि स्वतःसाठी कुडता करून मागितला. काम सुबक झाले, पण पैसे देताना बाई म्हणाल्या, ‘कापड तर माझेच होते, तेही जुने, मग एवढे कशाचे?’ हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. हीच मंडळी मोठ्या शहरांतल्या चकचकीत दुकानात जुन्या साड्यांच्या तुकड्यांचे जाकीट, खणाच्या तुकड्यांची पिशवी किंवा धावदोऱ्याची गोधडी ‘अपसायकलिंग’ या नावाखाली हजारो रुपयांना घेतात आणि तिथे भाव करत नाहीत. त्या गोधडीला टाके घालणाऱ्या बाईला त्यातले किती मिळाले, हेही कुणी विचारत नाही. काम तेच आहे. पाटी बदलली की आपली नजर बदलते. माझे मत असे की, उसवण्याचा वेळ वेगळा धरून जुन्यातून शिवण्याची मजुरी नव्या शिलाईच्या किमान दीडपट असावी, तो दर शिंप्याने दुकानात लिहून लावावा, आणि गिऱ्हाइकाने काम टाकण्याआधीच तो मान्य करावा.

यावर कुणी म्हणेल की एवढे पैसे देण्यापेक्षा नवा तयार फ्रॉक स्वस्त पडतो. पडतो, हे खरे आहे. परंतु तो स्वस्त पडतो कारण तो शिवणाऱ्या हातांना नगामागे फार थोडे मिळते आणि कापड बहुधा पॉलिस्टर असते. ते घाम शोषत नाही आणि जुने झाल्यावर त्याचे दुपटे होत नाही की नीट पोतेरेही होत नाही. ज्यांना परवडत नाही त्यांनी स्वस्त नवे घेऊ नये असे मी म्हणणार नाही. माझा आग्रह ज्यांना परवडते त्यांच्यापुरता आहे.

दान करण्याविषयी सुरुवातीला तक्रार म्हटले, ती एवढीच की, देऊन टाकणे आणि उपयोगी पडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या जवळच्या एका वसाहतीत ठेवलेल्या कपड्यांच्या पेटीत मी बटणे तुटलेले शर्ट, चेन गेलेल्या पँटी आणि एकेकटे मोजे पाहिले आहेत. अंशू गुप्ता यांनी १९९९ साली सुरू केलेल्या आणि पुढे त्यांना २०१५ चा मॅगसेसे पुरस्कार मिळवून देणाऱ्या ‘गूंज’ या संस्थेने हे ओळखून आलेल्या कपड्यांची निवड करण्याची, जे घालण्याजोगे नाही त्यातून सॅनिटरी पॅडसारख्या उपयोगी वस्तू करण्याची पद्धत बसवली. म्हणजे तिथेही कुणाच्या तरी हातांना निवडायचे, उसवायचे, कापायचे काम करावेच लागते. निदान बटण लावून, धुऊन, इस्त्री करून दिले तर त्यातले थोडे काम आपण केले असे होईल.

घरातल्या घरातही एक नाजूक बाजू आहे. मी तीन बहिणींतली धाकटी. थोरलीचे उतरलेले कपडे घालताना मला जे वाटे ते मी विसरलेले नाही. शाळेत कुणी ‘हा तुझ्या ताईचा ना?’ म्हटले की घशाशी यायचे. आईने पुढे एक युक्ती केली. उतरलेला फ्रॉक ती मला तसाच देत नसे. गळा बदलायची, किंवा दुसऱ्या रंगाचा खिसा लावायची, आणि तो खिसा कोणत्या कापडाचा हे मला निवडू द्यायची. मुलांसाठी जुन्यातून काही शिवताना त्यांना समोर बसवून हा हक्क द्यावा, असे मी माझ्या वर्गात नेहमी सांगत आले.

शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आम्ही काज, हेम, धावदोरा शिकलो. आज मुलामुलींना, आणि मुलांनाही हे मुद्दाम म्हणते, तुटलेले बटण लावता येत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची कल्पना मांडली आहे. त्यांतले दोन दिवस गल्लीतल्या शिंप्याकडे गेले तर उसवण्याचे कष्ट तरी मुलांना कळतील. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये शिवणकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, त्यात जुन्या कपड्यातून बेतण्याच्या सरावाला अधिक तास मिळावेत.

आणि एक विनंती आपल्यालाच. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात कपड्यांचे रेशनिंग झाले तेव्हा १९४३ साली तिथल्या सरकारने जुन्याचे नवे कसे करावे याची पुस्तिका आकृत्यांसह काढली होती. आपल्याकडेही पूर्वी नियतकालिकांच्या महिला विभागांत मापांसह बेतणीच्या आकृत्या येत आणि बायका त्या कापून ठेवत. आपल्या पुरवणीत पंधरा दिवसांतून एकदा अशी एक आकृती छापावी: कोणता जुना कपडा घ्यायचा, तो कुठे उसवायचा, त्यावर नवे भाग कसे मांडायचे आणि या कामाला साधारण किती तास लागतात. हा शेवटचा तासांचा आकडा कृपया वगळू नये. पहिली आकृती पुरुषांच्या शर्टाच्या फ्रॉकची घ्यावी, कारण तसा एखादा शर्ट प्रत्येक घरात असतोच. मापे आणि आखणी मी विनामूल्य करून देईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिवणशिक्षिका, पुणे
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)