अरोकेरियाचा शेंडा छाटू नये

रविवारच्या पुरवणीतील सदाहरित शोभिवंत वृक्षांवरील लेखात, अरोकेरिया फार उंच वाढू लागल्यास त्याचा शेंडा छाटावा, असा सल्ला दिला आहे. त्यास माझी स्पष्ट हरकत आहे. प्रशांत महासागरातील नॉरफोक बेटावरचा हा सूचिपर्णी वृक्ष उष्ण, दमट हवा उत्तम सोसतो, हे लेखातील म्हणणे योग्यच आहे. मात्र त्याची मजल्यामजल्यांनी वर जाणारी डौलदार रचना एकाच मध्यवर्ती शेंड्यावर अवलंबून असते. तो कापल्यावर आडव्या फांद्या त्याची जागा घेत नाहीत, आणि खोडातून नवे कोंब फुटलेच तर अनेक शेंडे होऊन सारी घडण बिघडते. कुंडीत गोजिरवाणे दिसणारे हे रोप मूळ बेटावर 50 मीटरपर्यंत वाढते, त्यामुळे खरी चूक छाटणी न करण्यात नसून ते भिंतीलगत लावण्यात आहे, आणि लेखात नेमका याचाच उल्लेख नाही. जागा थोडी असेल, तर पोडोकार्पस निवडावा. तोही सूचिपर्णी वर्गातला असून उष्णता सोसतो, कात्री चालवल्यावर पुन्हा फुटतो आणि त्याचे दाट कुंपण होते. ही दुरुस्ती पुढील पुरवणीत छापावी, ही विनंती.

– एक वाचक