धर्माची अट घटनेत नाहीये

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, त्यात ठोकून दिलं होतं की अमेरिकेत ख्रिश्चन असल्याशिवाय प्रेसिडेंट होताच येत नाही, तसा तिथे कायदाच आहे म्हणे. व्हॉट्सअ‍ॅपवर हे इतक्या वेळा वाचलंय की शेवटी लिहायला बसलो. अहो, कायदा बरोबर उलटा आहे!

घटनेत अटी तीनच. जन्मापासून अमेरिकन नागरिक, वय किमान 35 आणि देशात 14 वर्षं वास्तव्य. आणि सहाव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की कुठल्याही सरकारी पदासाठी धर्माची अट कधीही घालता येणार नाही. हे 1787 चं आहे, कालपरवाचं नाही. शपथेच्या मजकुरात देवाचं नावसुद्धा नाही, आणि शपथ नको असेल तर नुसती प्रतिज्ञा चालते, 1853 ला फ्रँकलिन पिअर्सनी तीच केली होती. टीव्हीवर दिसतं ते बायबल आणि शेवटचं 'सो हेल्प मी गॉड' ही सगळी प्रथा, जॉन क्विन्सी अ‍ॅडम्सनी तर कायद्याच्या पुस्तकावर हात ठेवून शपथ घेतली होती.

आता यातला माझा सगळ्यात आवडता किस्सा. घटनेला मंजुरी द्यायची की नाही यावर 1788 मध्ये नॉर्थ कॅरोलिनात हिल्सबरोला सभा भरली होती, तिथे काही जणांनी हाच मुद्दा काढला की धर्माची अट नाही म्हणजे उद्या मुसलमान येईल, कोणीही येईल. जेम्स आयर्डेल म्हणून वकील होते, पुढे सुप्रीम कोर्टात जज झाले, त्यांनी सांगितलं की आजच सकाळी माझ्या हातात एक पत्रक पडलं, त्यात लिहिलंय की पोप अमेरिकेचा प्रेसिडेंट होईल! मग त्यांनी शांतपणे हिशोब मांडला, की त्यासाठी आधी इथल्या माणसानं युरोपात जायचं, पाद्री व्हायचं, मग कार्डिनल, मग पोप, आणि एवढं करून परत इथल्या लोकांचा विश्वास मिळवायचा. आणि त्याहून नवल म्हणजे त्यानं प्रेसिडेंट व्हायला पोपपद सोडायचं. गंमत बघा, 2025 च्या मे महिन्यात शिकागोत जन्मलेला माणूस खरंच पोप झाला. लिओ चौदावे. जन्म अमेरिकेतला, वय सत्तरीच्या आसपास, लहानपण तिथेच गेलेलं आणि 14 वर्षं सलगच हवीत असं घटनेत कुठे लिहिलेलं नाही. आयर्डेलसाहेबांचा अर्धा जोक खरा झाला म्हणायचा.

आता त्या पत्रलेखकाच्या बाजूनंही बोलतो, कारण माणूस साफ चुकीचा नाहीये. कायदा विचारत नाही पण मतदार विचारतो, आणि खोदून खोदून विचारतो. 1928 ला न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ उभे राहिले, कॅथलिक होते, तर लोकांनी नव्या हॉलंड टनेलचा फोटो फिरवला की हा बघा व्हॅटिकनला जाणारा गुप्त बोगदा. न्यूयॉर्क ते न्यूजर्सी एवढाच तो बोगदा! स्मिथ आपटले, अर्थात त्याला दारूबंदीचा वाद आणि सत्तेतल्या रिपब्लिकनांच्या पथ्यावर पडलेली तेव्हाची तेजी पण कारण होती, सगळं खापर धर्मावर नको. केनेडींना 1960 च्या सप्टेंबरमध्ये ह्यूस्टनला प्रोटेस्टंट पाद्र्यांसमोर जाऊन सांगावं लागलं की मी डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार आहे, योगायोगानं कॅथलिक आहे. ते निवडून आले. दुसरा कॅथलिक प्रेसिडेंट यायला 2020 ची निवडणूक उजाडली.

मुसलमान आणि नास्तिक उमेदवारांचं तर विचारूच नका. गॅलप या जनमत चाचणी घेणाऱ्या संस्थेनं 2015 ला विचारलं होतं, पक्षानं लायक उमेदवार दिला तर मत द्याल का, तेव्हा कॅथलिकला 93 टक्के लोक हो म्हणाले, मुस्लिमाला 60 आणि नास्तिकाला 58. त्याच वर्षी रिपब्लिकन पक्षाकडून प्रेसिडेंटपदाची उमेदवारी मागणारे बेन कार्सन टीव्हीवर म्हणाले की मुसलमानाच्या हाती देश द्यावा असं मला वाटत नाही. ते म्हणू शकतात, मतदार म्हणून आपलं मत कशावर ठरवायचं ते कलम 6 कुणाला सांगत नाही.

पण ओबामा छुपे मुसलमान आहेत अशी आवई 2008 ला उठली होती तेव्हा बहुतेक जण 'नाही हो, ते ख्रिश्चन आहेत' म्हणून सारवासारव करत होते, म्हणजे मुसलमान असणं हा आरोपच झाला की. रिपब्लिकन पक्षाचेच माजी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल मात्र सरळ बोलले. ते ख्रिश्चनच आहेत, पण मुसलमान असते तरी बिघडलं काय? आणि मग त्यांनी एका फोटोबद्दल सांगितलं, आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत एक आई मुलाच्या थडग्याला डोकं टेकून बसलीय, दगडावर चंद्रकोर आणि चांदणी कोरलेली, पोरगा 20 वर्षांचा, इराक युद्धात गेलेला.

न्यूयॉर्कचे महापौर म्हणून निवडून आलेले झोहरान ममदानी मुस्लिम आहेत, त्यांनाही प्रेसिडेंट होता येणार नाही हे खरंय. पण का, तर त्यांचा जन्म युगांडात कंपालाला झाला आणि नागरिकत्व नंतर मिळालं. तेव्हा मागच्या पत्रातलं 'तसा कायदाच आहे' एवढं तरी दुरुस्त करून छापा ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक