आरोग्य पुरवणीत खेळालाही जागा द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीतले व्यायामावरचे लेख मी आवर्जून वाचतो. पहाटे उठा, निग्रह करा, सबबी सांगू नका, असा बहुतेकांचा सूर असतो. कामाच्या रगाड्यातल्या माणसाला ते वाचून आणखी एक काम अंगावर आल्यासारखं वाटतं. खेळाचा मात्र त्यात उल्लेखही नसतो, आणि मला तीच मोठी उणीव वाटते.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० ते ३०० मिनिटं मध्यम हालचाल सुचवते. मध्यम म्हणजे बोलता येईल, पण गाणं म्हणवणार नाही इतपत. २०२२ मध्ये जगातले ३१ टक्के प्रौढ, म्हणजे सुमारे १८० कोटी माणसं, एवढीही हालचाल करत नव्हती. इतक्या सगळ्यांना आळशी ठरवून कसं चालेल? शिवाय पूर्वी सलग दहा मिनिटांची हालचालच हिशेबात धरत. २०२० च्या सूचनांमध्ये ती अट गेली. एका गाण्यावरचा मनसोक्त नाच किंवा मुलांबरोबरची पाच मिनिटांची पकडापकडी आता खुशाल जमेस धरावी.

कोपनहेगनमध्ये साडेआठ हजारांहून अधिक लोकांचा २५ वर्षं मागोवा घेऊन २०१८ मध्ये निष्कर्ष छापले गेले. बैठं आयुष्य जगणाऱ्यांपेक्षा टेनिस खेळणारे सरासरी ९.७ वर्षं, बॅडमिंटन खेळणारे ६.२ वर्षं, तर जॉगिंग करणारे ३.२ वर्षं जास्त जगलेले दिसले. यावरून टेनिसनेच आयुष्य वाढतं असं सिद्ध होत नाही. खेळणाऱ्यांची सांपत्तिक स्थितीही त्यामागे असू शकते. तरी यादीत वर असलेल्या खेळांना समोर दुसरं माणूस लागतं, हे मला फार मोलाचं वाटतं. नुसतं नावीन्य टिकत नाही. २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ हा बाहेर फिरत खेळायचा मोबाइलवरचा खेळ आला तेव्हा अमेरिकेतल्या तरुण खेळाडूंची पावलं पहिल्या आठवड्यात रोज साडेनऊशेच्या आसपास वाढली, आणि सहाव्या आठवड्यापर्यंत पूर्वपदावर आली. वाट पाहणारा गडी असला की कंटाळा आला तरी पाय निघतात.

आणि याला मैदान लागतंच असं नाही. खोलीत आडवी दोरी बांधा, फुगा जमिनीला टेकू द्यायचा नाही एवढाच नियम ठेवा. थोड्याच वेळात खांदे, कंबर, मांड्या कामाला लागतात. पत्त्यांचा कॅट घ्या: बदाम आलं तर उठाबशा, इस्पिक आलं तर भिंतीला टेकून जोर, चौकट म्हणजे जागच्या जागी उड्या, किलवर म्हणजे विश्रांती, पानावरचा आकडा तितक्या वेळा. पुढचं पान काय निघेल याची उत्सुकता कुठल्याही वेळापत्रकात नसते. एका पायावर उभं राहून चेंडू झेलण्यात तोल सुधारतो. ६५ वर्षांपुढच्यांनी तोलाचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत अशी शिफारस आहेच, तेव्हा आजी-आजोबांना आधाराला खुर्ची देऊन याच डावात घ्यावं.

खरी अडचण वेळेपेक्षा संकोचाची आहे. बागेत मुलं धावत असतात आणि आईवडील बाकावर मोबाइल पाहत बसतात. ‘या वयात हे काय’ असं कुणी म्हणेल, ही भीती त्यांना उठू देत नाही. हे मला मनापासून खटकतं.

एक काळजी मात्र घ्यायला हवी. वर्षानुवर्षं न खेळलेल्याने पहिल्याच दिवशी झेपा घेऊ नयेत. टाचेमागची कंडरा अशाच वेळी दुखावते. आधी अंग मोकळं करावं, आणि हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

माझी विनंती एवढीच, की पुरवणीत दर आठवड्याला चार माणसांना घरात किंवा अंगणात खेळता येईल असा एक खेळ नियमांसह छापावा. शब्दकोड्याशेजारची छोटी चौकटही पुरेल. गुडघे दुखणाऱ्यांनी तोच खेळ बसून कसा खेळावा, हेही त्यात द्यावं.

आपला,
एक नियमित वाचक