नगराध्यक्षाची कारकीर्द इतिवृत्तात शोधा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

निवडणूक आली किंवा कुणी राजकारणातून निवृत्त झाले की वर्तमानपत्रांत नगराध्यक्षांचे परिचय येतात. 'तीनदा नगरसेवक, एकदा उपाध्यक्ष, एकदा नगराध्यक्ष. शहराला पाणी आणले, रस्ते केले' हा त्यांचा ठरलेला साचा. त्यातून माणूस किती वर्षे खुर्चीवर होता एवढे समजते. तिथे बसून त्याने केले काय, हा प्रश्न तसाच राहतो. त्याचे उत्तर इतिवृत्तात, म्हणजे नगरपरिषदेच्या सभांच्या अधिकृत नोंदीत, शोधावे लागते.

मुळात 'नगराध्यक्ष' म्हणजे दरवेळी तेच पद नव्हे. २००१ला तो थेट जनतेतून आला, २००६ला नगरसेवकांतून, २०१६ला पुन्हा जनतेतून. २०२०ला थेट निवड रद्द झाली, २०२२ला परत आणली गेली आणि डिसेंबर २०२५मध्ये त्याच पद्धतीने मतदान झाले. नगरसेवकांतून आलेल्याचा कायदेशीर कार्यकाळ अडीच वर्षांचा, पण अनेक गावांत सव्वा-सव्वा वर्षाचा तोंडी करार असे. निवडीआधी नगरसेवक फुटू नयेत म्हणून त्यांची सहल आणि नंतर राजीनाम्यासाठी तगादा, यातच निम्मा काळ जाई. थेट निवडून आलेल्याला पाच वर्षे मिळतात, पण सभागृहात बहुमत दुसऱ्याच पक्षाचे असू शकते. अशा वेळी विषयपत्रिका त्याची आणि मंजुरी विरोधकांच्या हातात, असा खेळ होतो. समसमान मते पडली तर निर्णायक मत त्याचे, पण तशी वेळ क्वचितच येते. म्हणून परिचयात 'नगराध्यक्ष' या शब्दापुढे निवड कशी झाली, प्रत्यक्ष किती महिने मिळाले आणि बहुमत कुणाचे होते, या तीन गोष्टी हव्यातच. २०२२च्या आसपासपासून बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक होता. त्या काळातली कामेही आता 'आमच्या कारकिर्दीत' म्हणून फलकांवर चढत आहेत, तेही तपासायला हवे.

काम कुणी केले, हा तर आणखी गुंत्याचा भाग. १९६५च्या नगरपरिषद अधिनियमानुसार अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्याची. तो राज्य शासनाचा अधिकारी, त्याची बदलीही शासनच करते. एका गटाराचा प्रवास बघा. अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, सभेचा ठराव, निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेतली नोंद, देयक, शेवटी दोष दायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडले तर ठेकेदाराने ते दुरुस्त करून द्यायची मुदत. यात नगराध्यक्षाचा खरा हात सभेच्या टप्प्यावर आणि त्यानंतर पाठपुराव्यात. गडबड होते ती बहुधा 'ऐनवेळच्या विषयां'त. विषयपत्रिकेत नसलेला खर्चाचा विषय सभेच्या शेवटी येतो, कुणी कागद वाचत नाही आणि इतिवृत्तात सूचक-अनुमोदकांच्या नावांसह तो 'सर्वानुमते मंजूर' होतो. तक्रार झाली तर कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी ठरावाची अंमलबजावणी थांबवू शकतात. एखाद्याच्या काळात असे किती ठराव थांबले, ही माहिती कोणत्याही परिचयात आढळत नाही.

पाण्याचे श्रेय मोजताना तर फारच घाई होते. योजनेला बहुतांश पैसा राज्य-केंद्राचा असतो, नगरपरिषदेचा हिस्सा थोडा. मंजुरी आणली की भूमिपूजन, जलकुंभ उभा राहिला की लोकार्पण, दोन्ही वेळी फोटो. पण योजना चालते पंपांच्या वीजबिलावर आणि ते भरायचे पाणीपट्टीतून. पाणीपट्टी वाढवण्याचा ठराव मांडायला कुणी धजत नाही. मालमत्ता कराचेही तेच. दर चार वर्षांनी फेरआकारणी व्हायला हवी, पण निवडणूक जवळ आली की ती रेंगाळते. मग वीजबिल थकते, पंप बंद पडतात, आठवड्यातून दोनदा येणारे पाणी एकदा येते. लोक शिव्या घालतात त्या वेळच्या नगराध्यक्षाला, आणि योजना 'आणणारा' सत्काराला मोकळा. माझ्या मते ज्याने योजना आणली त्याच्यापेक्षा ज्याने दरवाढीच्या बाजूने हात वर केला त्याचे नाव आधी छापावे. ते इतिवृत्तात सापडते.

नगरसेवकांबाबतही थोडे. वॉर्ड सोडतीने आरक्षित होतात, निम्म्या जागा महिलांच्या. त्यामुळे एकाच प्रभागातून सलग तीनदा निवडून येणे दुर्मिळ. घरातले दुसरे माणूस उभे राहते आणि कारकीर्द कुटुंबाची होते. प्रभागातून दोन सदस्य असतील तर एकाच रस्त्याच्या फलकावर दोन नावे, क्वचित दोन फलकच. पद जाण्याची कारणेही छापावीत. राखीव जागेवर निवडून येऊन मुदतीत जातवैधता प्रमाणपत्र दिले नाही, पक्षादेश मोडला, नगरपरिषदेच्या कंत्राटात हितसंबंध निघाले किंवा स्वतः, जोडीदाराने वा अवलंबिताने अनधिकृत बांधकाम केले, तर सदस्यत्व जाते. 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा' या ओळीमागे यांपैकी काही आहे का, ते जिल्हाधिकारी कार्यालयात समजते.

जोतीराव फुले १८७६पासून पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतावर पैसा उधळायला त्यांनी केलेला विरोध म्हणजे सभेतले एक मत. खर्चाचा ठराव मंजूर झाला, तरी त्यांच्या त्या कारकिर्दीचा विषय निघाला की आज तेच मत सांगितले जाते.

तेव्हा परिचय लिहिणाऱ्या आपल्या वार्ताहरांना विनंती, की उमेदवाराच्या पत्रकाऐवजी सभांची इतिवृत्ते, मागच्या पाच वर्षांची कराची मागणी व वसुली आणि लेखापरीक्षणातले प्रलंबित आक्षेप, एवढे तीन कागद मागावेत. मिळाले नाहीत तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा, उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. मिळायला त्रास झाला तर तेही परिचयात लिहावे.

आपला,
एक वाचक