अपडेट फसले म्हणून फॉरमॅट नको

महोदय,

विंडोजचे अपडेट फसले की ‘फॉरमॅट मारू, नवीन विंडोज टाकू’ असे सांगून मोकळे व्हायची सवय आमच्या धंद्यात पडली आहे. मी सांगलीत विश्रामबागेत संगणक दुरुस्तीचे काम करतो. ही सवय मोडावी, म्हणून हे पत्र.

२०२४ च्या सुरुवातीला मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानातला सीपीयू माझ्याकडे आला. आधीच्या दुरुस्तीवाल्याने तो फॉरमॅट करून दिला होता. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा सी ड्राइव्हलाच होता, तो गेला. दिवाणजी शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्यांची चळत पुढ्यात घेऊन नोंदी नव्याने भरत होते. एवढे होऊन अपडेट पुन्हा फसलेच! एरर कोडही आधीचाच, ०एक्स८००७०६४३.

हा कोड त्या जानेवारीत विंडोज १० च्या केबी५०३४४४१ या अपडेटमुळे जगभर दिसत होता. डिस्कवर एक लपलेले रिकव्हरी पार्टिशन, म्हणजे विंडोज दुरुस्तीसाठी राखलेला वेगळा भाग, असते. त्यात २५० एमबी जागा मोकळी लागत होती, ती अनेक मशीनवर नव्हती. कोड मात्र ‘इन्स्टॉल फसले’ एवढेच सांगे, जागेचे नाव काढत नसे. नुसता सी ड्राइव्ह फॉरमॅट केला तर ते पार्टिशन जसेच्या तसे राहते. सी थोडा कमी करून ती जागा रिकव्हरीला जोडायची, एवढेच काम होते. मायक्रोसॉफ्टने पायऱ्याही जाहीर केल्या होत्या. त्या वाचायला कितीसा वेळ लागतो?

बाकी कारणेही बहुधा अशीच साधी. ०एक्स८००७००७० म्हणजे डिस्क भरली. डाउनलोड बिघडले असेल तर अपडेटची सर्व्हिस थांबवून उतरवलेली अपडेट्स साठतात ते सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्यूशन फोल्डर रिकामे करावे. विंडोज ११ चढत नसेल, तर नवे मशीन गळ्यात मारण्याआधी बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, टीपीएम ही विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा-सोय बंद तर नाही ना, हे बघावे.

फॉरमॅट कधी कधी करावेच लागते, नाही असे नाही. पण मशीन सुरू होत नसले तरी डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला लावून डेटा बहुतेक वेळा काढता येतो. त्याची वेगळी मजुरी घ्या, गिऱ्हाईक आनंदाने देते. गिऱ्हाइकांनीही एरर कोड बिलावर लिहून मागावा, आणि टॅलीचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून दाखवल्याशिवाय फॉरमॅटला होकार देऊ नये.

– एक संगणक दुरुस्तीवाला, विश्रामबाग, सांगली