खारघरच्या घराबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न.

घर ठरलं. खारघरला, टू बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट आहे. बाबा, तुम्ही फोनवर विचारलंत, "पहिल्या महिन्याचं भाडं माफ करत होते ते ठाण्याचं का सोडलंस?" तेव्हा गडबडीत होते, म्हणून सविस्तर लिहिते.

ते घर घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या पुढे, नव्या टॉवरमध्ये. अशा टॉवरचा ताबा मिळाला की गुंतवणूक म्हणून घेतलेले कितीतरी फ्लॅट एकदमच भाड्याला निघतात. फ्लॅट रिकामा राहिला तरी हप्ता आणि मेंटेनन्स मालकाला चुकत नाही. म्हणून मग पहिला महिना माफ, ब्रोकरेज नाही, डिपॉझिट कमी, असं काहीबाही देऊ करतात. त्यात फसवणूकच असते असं नाही. पण हिशेब पूर्ण मांडायला हवा, आणि तो तुम्हीच मला शिकवलात.

ठाण्याचं भाडं २८,०००. करार अकरा महिन्यांचा, त्यातले दहाच भरायचे, म्हणजे २,८०,०००. खारघरचं २५,०००, अकराही महिने भरायचे, वर एजंटला एका महिन्याचं ब्रोकरेज, म्हणजे ३,००,०००. पहिल्या वर्षी ठाणं वीस हजारांनी स्वस्त, हे खरंच. पण दुसऱ्या वर्षीची पाच टक्के वाढ २८,००० वर धरणार, माफीच्या हिशेबावर नाही. तिथे २९,४०० होतात, इथे २६,२५०. खारघरच्या मालकीणबाईंनी करार पुढे वाढवताना एजंट मध्ये नको, असं आपणहून सांगितलंय. दोन्ही करार मिळून खारघर १४,६५० रुपयांनी स्वस्त पडतं. कागद घेऊन एकदा तपासा.

शिवाय तिथे अकरा महिन्यांचं लॉक-इन. आधी सोडलं तर माफ केलेला महिना परत भरायचा. हे सगळं करारात लिहा म्हटलं, तर एजंट म्हणाला, "मॅडम, तोंडी ठरलंय ना!" मला ते पटलं नाही. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे असा भाड्याचा, करार लेखी आणि नोंदणी केलेलाच लागतो, १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात तसं आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. मग सवलत तेवढी कागदाबाहेर का ठेवायची?

पण खरं कारण पैशाचं नाहीच. आई, तुझ्या गुडघ्यांचं आहे. त्या टॉवरमध्ये बाथरूमचा उंबरठा चांगला वीतभर उंच होता आणि आत धरायला काही नाही. खारघरच्या बाथरूमला उंबरठा जेमतेम बोटभर आहे, कमोड आहे. दुपारी चार वाजता मी स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहिला, धार चांगली होती. वॉचमनला विचारलं, टँकर उन्हाळ्यातसुद्धा क्वचितच येतो म्हणाला. लाइट गेली तर लिफ्ट जनरेटरवर चालते.

सवलत मी इथेही मागितली, फक्त पैशात नाही. मालकीणबाई नेरुळला राहतात, त्यांची आईही ऐंशीच्या पुढची. म्हटलं, भाडं कमी करू नका, पण आम्ही राहायला यायच्या आधी बाथरूममध्ये कमोडपाशी आणि नळापाशी पकडायला स्टीलचे दांडे बसवून द्या, आणि गीझर बदला. लगेच हो म्हणाल्या, आणि दोन्ही गोष्टी करारात लिहून घेतल्या. कराराच्या नोंदणीसाठी अंगठे घ्यायला एजंटचा माणूस घरीच मशीन घेऊन येणार आहे. पोलीस व्हेरिफिकेशनचा फॉर्म ऑनलाइन भरलाय.

ऑफिसचं म्हणाल तर पनवेल-ठाणे लोकल खारघरहून थेट ऐरोलीला जाते, गाडी बदलावी लागत नाही. आणि साताऱ्याहून येताना तुम्हाला दादर-ठाण्यापर्यंत जायला नको. सायन-पनवेल महामार्गावरच उतरायचं, मी रिक्षा घेऊन थांबेन.

किल्ली एक तारखेला मिळेल. दांडे बसले की मी स्वतः जोर लावून बघेन आणि मगच तुमची तिकिटं काढेन. बाबा, डोळ्यांची जुनी फाईल आणि चष्म्याचे नंबर आठवणीने घ्या, इथे दाखवायचंय. आई, डबे-पिशव्या भरून आणू नकोस, गुडघ्याला वजन नको. मेतकूट मात्र आण.

तुमची,
धाकटी