चूक कबूल करणाऱ्या परिचारिकेला कायद्याचा आधार द्या

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सादर नमस्कार. मुंबईतल्या रुग्णालयांत आधी अधिपरिचारिका (स्टाफ नर्स) आणि पुढे परिसेविका (वॉर्डची सिस्टर) म्हणून तीस वर्षांहून अधिक काळ नोकरी करून मी निवृत्त झाले आहे. हे पत्र पगार, भत्ते किंवा बदल्यांसाठी नाही. हातून झालेली चूक स्वतःहून सांगणाऱ्या परिचारिकेचे पुढे काय होते, एवढ्याच प्रश्नाकडे मला आपले लक्ष वेधायचे आहे.

मी एका मोठ्या रुग्णालयात स्त्रियांच्या मेडिकल वॉर्डची इनचार्ज होते, तेव्हाची गोष्ट. पावसाळ्यामुळे तापाचे रुग्ण वाढले होते. चाळीस कॉटच्या वॉर्डात साठावर रुग्ण होते आणि नाइटला दोनच स्टाफ. एकाच आडनावाच्या दोन बायका शेजारीशेजारी होत्या, एक कॉटवर आणि दुसरी त्याच कॉटच्या कडेला जमिनीवर घातलेल्या गादीवर. कॉटवरच्या बाईंचे इन्सुलिन माझ्या ज्युनिअर स्टाफने खालच्या बाईंना दिले. केसपेपरवर सही करताना ते तिच्या लक्षात आले. तिने तत्काळ हाऊसमनला, म्हणजे पाळीवरच्या निवासी डॉक्टरला उठवले, ग्लुकोमीटरवर साखर तपासली, डॉक्टरांच्या सांगण्यावरून डेक्स्ट्रोजची, म्हणजे साखरेची सलाईन लावली आणि पहाटेपर्यंत दर पंधरा मिनिटांनी त्या बाईंचे बोट टोचून आकडे लिहीत राहिली. बाई सुखरूप राहिल्या. सकाळी मी वॉर्डात पोहोचले, तेव्हा इन्सुलिन चुकीच्या रुग्णाला दिले गेले, हे नर्सेस नोट्समध्ये तिच्याच अक्षरात, वेळेसकट लिहिलेले होते. बाईंच्या मुलालाही तिने स्वतःच सर्व सांगितले होते.

रुग्णाला अपाय होऊ न देणे, त्याच्याशी खरे बोलणे आणि आपल्या कृतीची जबाबदारी घेणे, ही तत्त्वे आम्ही नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला पाठ करतो. औषध देण्याआधी रुग्णाची ओळख पटवण्यात ती चुकली, हे मी नाकारत नाही. पण चूक उमगल्यानंतर तिने यातले काहीही सोडले नाही. तिच्या हाती मात्र मेमो पडला आणि चौकशी कित्येक महिने चालली. अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असा इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष असताना साठ रुग्णांमागे दोघीच का होत्या, हे त्या चौकशीत कोणी एकदाही विचारले नाही. पुढे जे घडले ते मला अधिक लागले. माझ्या वॉर्डातल्या मुलींच्या नोट्स एकदम निर्दोष दिसू लागल्या. चुका थांबल्या नव्हत्या, त्या लिहायच्या थांबल्या होत्या. न लिहिलेली चूक डॉक्टरांना कळत नाही, तिच्यावर उपचार होत नाहीत, आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

आता या भीतीला कायद्याचीही जोड मिळाली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वैद्यकीय प्रक्रिया करताना नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाकडून असे घडल्यास ती मर्यादा दोन वर्षांची आहे. मात्र या व्याख्येत राष्ट्रीय किंवा राज्य वैद्यक नोंदवहीत नाव असलेलेच येतात, परिचारिका येत नाहीत. जुन्या दंडसंहितेच्या कलम ३०४-अ मध्ये सर्वांनाच कमाल दोन वर्षे होती. म्हणजे एकाच रुग्णाच्या एकाच उपचारात दोघांकडून सारखीच हयगय झाली, तर डॉक्टरला जास्तीत जास्त दोन वर्षे आणि त्यांच्या ऑर्डरप्रमाणे औषध देणाऱ्या परिचारिकेला पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. डॉक्टरांना मिळालेली सवलत मला रास्त वाटते; तिची सीमा वॉर्डाच्या मधूनच का आखली गेली, एवढेच मला समजत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू प्रकरणात असे निर्देश दिले की डॉक्टरांवर कारवाई करण्यापूर्वी तपास अधिकाऱ्याने स्वतंत्र तज्ज्ञाचे मत घ्यावे आणि सरसकट अटक करू नये. त्या निर्देशांची भाषाही डॉक्टरांपुरतीच आहे.

याच न्यायालयाने परिचारिकांच्या विवेकावर किती मोठा विश्वास टाकला, हे मुंबईला ठाऊक आहे. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयातच हल्ला झाला, त्यातून त्या कधीच सावरल्या नाहीत आणि मे २०१५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत तिथल्या परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांची शुश्रूषा केली. जीवनाधार काढावा की नाही, हा प्रश्न २०११ मध्ये न्यायालयापुढे आला, तेव्हा अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचाच आहे, असे न्यायालयाने मानले. जीवनमरणाच्या प्रश्नात ज्यांचा शब्द ग्राह्य धरला जातो, त्यांच्या कामातल्या चुकीकडे पाहताना त्यांच्याच व्यवसायातल्या जाणत्या व्यक्तीचे मत घेतले जाऊ नये, हे मला पटत नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे की कलम १०६ मधील सवलत महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, १९६६ खाली नोंदणी असलेल्यांनाही लागू व्हावी, अशी शिफारस राज्याने केंद्राकडे करावी. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीत असल्याने, राष्ट्रपतींच्या संमतीने राज्याला स्वतःची दुरुस्ती करण्याचाही मार्ग खुला आहे. याला वेळ लागेल, याची मला कल्पना आहे. पण परिचारिकेवर गुन्हा नोंदवण्याआधी पोलिसांनी तज्ज्ञ समितीचे मत घ्यावे आणि त्या समितीत एक अनुभवी परिसेविका किंवा अधिसेविका (मेट्रन) असावी, असे परिपत्रक गृह विभागाशी बोलून आपल्याला लवकर काढता येईल. स्वतःहून नोंदवलेल्या चुकीच्या चौकशीत त्या पाळीतली रुग्णसंख्या आणि हजर स्टाफची संख्या लिहिणे त्यात बंधनकारक करावे. तोंडी किंवा फोनवर दिलेली ऑर्डर ठरलेल्या वेळेत केसपेपरवर लिहून सही करण्याची जबाबदारी डॉक्टरांवर टाकणारे एक वाक्यही त्यात असावे, कारण पुढे चौकशी लागली की न लिहिलेली ऑर्डर फक्त परिचारिकेलाच आठवत असते.

अशा परिपत्रकाच्या मसुद्यासाठी परिचारिकांशी बोलायचे असल्यास कृपया ते वॉर्डात येऊन, नाइटच्या ओव्हरच्या वेळी, म्हणजे पाळी बदलताना बोलावे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका, मुंबई